उरलेले लाकडाचे तुकडे कसे ठेवावे: घरच्या सुतारशेडसाठी

दीड फूट लांब, चार इंच रुंद, इंचभर जाड. सागाचा एवढाच एक तुकडा मला पाटाखाली लावायला हवा होता, आणि तसा तुकडा घरात आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. गोठ्याच्या अर्ध्या भागात मी सुतारकामाचं शेड केलंय. तिथल्या कोपऱ्यात तुकड्यांचा कमरेएवढा ढीग होता. अर्धा तास उपसला, बोटात फास गेली, तुकडा काही हाती लागला नाही. शेवटी चांगली सहा फुटी फळी कापली. चार दिवसांनी झाडझूड करताना तोच तुकडा तळाशी निघाला, एका अंगाने वाळवीने खाल्लेला. आई दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "काहून रे बाबू, घरात आरामशीन टाकतं का? त्यापेक्षा मले दे, पानी तपवाले कामी पडते."

तिचं चुकलं नव्हतं. वेळेवर सापडत नाही ते लाकूड चुलीत गेलेलंच बरं. म्हणून तुकडे ठेवायची सोय करताना जास्तीत जास्त तुकडे कसे मावतील हे पाहू नका. हवा तो तुकडा मिनिटभरात हातात कसा येईल, तेवढं पाहा. खालची सगळी मांडणी त्याच हिशोबाने केली आहे.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, घाटंजीच्या बाजूचं. इथे तुकड्यांना तोटा नसतो. घरकुल मंजूर झालं की जुनं मातीचं घर पाडतात आणि सागाच्या मयाली (आडव्या तुळया), वासे, दाराच्या चौकटी अंगणात पडून राहतात. मोडकी बंडी (बैलगाडी) निघते, वखराची लाकडं निघतात, आरामशीनवर, म्हणजे लाकूड कापायच्या गिरणीवर, कडेच्या फाकी स्वस्तात मिळतात. नवशिक्याला वाटतं, सगळंच सोनं आहे. पहिली चूक तिथेच होते.

१. आधी कमी करा

मांडणी करायच्या आधी सगळा ढीग अंगणात काढा. उन्हात एकेक तुकडा हातात घेऊन ठरवा. माझं माप असं आहे: साग, शिसम, बिजा (बिबळा) यांचा एका वितीपेक्षा लहान तुकडा ठेवत नाही. आंबा, निलगिरी, कडुनिंब फूटभर तरी हवा. बाभळीचं वेगळं, तिच्या चार इंची तुकड्याचीही हत्याराची मूठ, पाचर किंवा ठोकणी होते, म्हणून ती लहान असली तरी ठेवतो. प्लायचा तुकडा एक फूट बाय एक फुटापेक्षा लहान असेल तर बाहेर.

तुकडा मोजताना तडा सोडून मोजा. दोन फुटी फळीला टोकाकडून आठ इंच तडा गेला असेल तर ती सोळा इंचीच आहे. तडा गेलेला भाग तिथल्या तिथे कापून टाका. नाहीतर दर वेळी तीच फळी उचलाल आणि तीच खाली ठेवाल.

सागाचा गाभा टिकतो, पण कडेचा पांढरा भाग टिकत नाही. त्यात टाचणीच्या डोक्याएवढी भोकं दिसली आणि तुकडा फरशीवर आपटल्यावर पिठासारखी बारीक भुकटी पडली, तर घुण आत आहे असं समजा. गाभा चांगला असेल तर पांढरा भाग त्याच दिवशी तासून काढा. पूर्ण तुकडाच पांढरा असेल तर मोह धरू नका. शेजारच्या आंब्याच्या फळ्यांना ती घुण लागायला वेळ लागत नाही.

बाद झालेलं लाकूड चुलीपाशी जातं, पण प्लाय, एमडीएफ आणि रंगवलेलं लाकूड कधीच नाही. प्लायमधला डिंक जळला की त्याचा धूर डोळ्यांत आणि छातीत जातो. जुन्या दारांवरच्या ऑइलपेंटमध्ये शिसं असण्याची शक्यता मोठी असते. आई त्याच चुलीवर पाणी तापवते आणि पोरं तिथेच अंघोळीला बसतात. असे तुकडे वेगळ्या पोत्यात भरा. पाण्याच्या टाकीखाली, कुठेतरी लागतात.

२. जुन्या लाकडातले खिळे

पाडलेल्या घराचं लाकूड शेडमध्ये घेण्याआधी बाहेरच साफ करा. बिघडलेल्या स्पीकरचं लोहचुंबक दोरीला बांधून फळीवरून हळू फिरवा. खिळ्याचं डोकं गंजून आत तुटलेलं असलं तरी चुंबक तिथे अडखळतं. तिथे खडूने फुली मारा. चिमट्याने, पाराईने निघतील ते काढा. जे निघत नाहीत त्यांच्याभोवती फुली तशीच ठेवा आणि तो भाग कापून टाका. एका जुन्या मयालीतल्या खिळ्याने माझ्या रंध्याच्या पात्याला खाच पाडली. ती घासून काढायला मला एक संध्याकाळ लागली.

लाकडाला लागलेला चुना आणि माती तारेच्या ब्रशने खरडा. रंध्याचं पातं मातीने जितकं बोथट होतं तितकं लाकडाने होत नाही.

आणि एक कागदाचं काम. डेपोतून किंवा आरामशीनवरून साग घेतला असेल तर पावती जपून ठेवा. सागाचं लाकूड एका ठिकाणाहून दुसरीकडे नेताना वाहतूक परवाना लागतो. वनखात्याच्या माणसाने विचारलं तर हातात कागद असावा. माझी पावती प्लास्टिकच्या पिशवीत घालून शेडच्या दारामागे खिळ्याला टांगलेली आहे.

३. जमीन, भिंत आणि उधई

इकडे वाळवीला उधई म्हणतात. तिने मला शिकवलेला धडा सांगतो. एका पावसाळ्यात आंब्याच्या सात-आठ फळ्या मातीच्या भिंतीला टेकवून उभ्या केल्या होत्या. दिवाळीत एक उचलली तर वजनच लागलं नाही. वरून गुळगुळीत, रंगही तोच. अंगठ्याने दाबल्यावर पापडासारखी आत गेली. आत नुसती माती आणि कागदासारखे पातळ पापुद्रे. बाहेरून एक भोकसुद्धा दिसत नव्हतं.

उधई उजेडात येत नाही. ती जमिनीतून ओल घेऊन, मातीची बोगद्यासारखी नळी बांधत वर चढते. लाकूड जमिनीला किंवा भिंतीला टेकलेलं असेल तर तिला नळी बांधायचीही गरज पडत नाही, थेट आत शिरते. मध्ये मोकळी जागा ठेवली तर ती चढणार नाही असं नव्हे, पण चढताना तिची नळी आपल्याला दिसते. म्हणजे जागा ठेवायची ती आपल्याला बघता यावं म्हणून.

त्यासाठी:

रॅकचं सगळ्यात खालचं लाकूड जमिनीपासून नऊ इंच, म्हणजे एक वीत वर असू द्या. खाली केरसुणी फिरली पाहिजे.

भिंत आणि रॅकमध्ये हात जाईल एवढं अंतर सोडा. माझ्या रॅकमागे सहा इंच आहे.

विटांवर रॅक ठेवत असाल तर वीट आणि लाकूड यांच्यामध्ये टिनाचा तुकडा घाला. तो विटेच्या चारी बाजूंनी दोन इंच बाहेर यावा आणि त्याच्या कडा खाली वाकवाव्यात. उधईला त्या कडेला वळसा घालून नळी उघड्यावर आणावी लागते.

रॅकच्या पायांना जळकं ऑइल, म्हणजे इंजिनातून काढलेलं वापरलेलं ऑइल लावा. ट्रॅक्टरच्या दुकानात डबाभर मिळतं. पण ते फक्त पायांना. साठवलेल्या तुकड्यांना लावलंत तर पुढे त्यावर ना फेविकॉल धरेल ना पॉलिश.

पावसाळ्यात दर आठ दिवसांनी बॅटरी घेऊन खाली आणि मागे बघायचं. नळी दिसली की खरवडून काढायची. दोन दिवसांनी परत तिथेच आली तर वाट जमिनीत कुठून सुरू होते ते शोधावं लागतं. वरवर खरवडून भागत नाही.

४. लांब तुकडे आडवे

तीन फुटांपेक्षा लांब असेल ते आडवं ठेवायचं. इथे नवशिके भिंतीत खुंट्या ठोकतात. पक्क्या विटांची, सिमेंटने जोडलेली भिंत असेल तर चालेल. मातीच्या भिंतीत नको. वाळलेला साग घनफुटाला साधारण १८ ते १९ किलो भरतो आणि बाभूळ त्याहून जड. सहा फूट लांब, फूटभर रुंद, फूटभर उंच थप्पी म्हणजे सहा घनफूट, म्हणजे शंभर किलोच्या वर. एवढा भार मातीच्या भिंतीवर टाकला की पावसाळ्यात भिंतीसकट थप्पी खाली येते.

त्यापेक्षा दोन-तीन उभे खांब घ्या. जुने वासे चालतात. खाली आडवी पट्टी, वर छपराच्या कैचीला बांधलेलं. खांबांना दर फुटावर दीड इंच जाड खुंट्या, किंचित वर कललेल्या. दोन खांबांमधलं अंतर दोन फूट ठेवा. चार फूट ठेवलंत तर बारीक फळ्या मधोमध झोळी होतात आणि एका पावसाळ्यात ती झोळी कायमची बसते.

थप्पीत दोन फळ्यांच्या मध्ये बोटभर जाडीच्या रिपा घाला. सगळ्या रिपा वरपासून खालपर्यंत एका रेषेत, खुंटीच्या बरोबर वर. हवा खेळते, आणि फळी काढताना बोटं चेपत नाहीत.

प्लायचे मोठे तुकडे दोन रिपांवर लांब कडेवर होतील तितके सरळ उभे करा. तिरके टेकवले तर त्यांची कमान होते.

५. मधले तुकडे: पायऱ्यांची पेटी

एक ते तीन फुटांचे तुकडे सगळ्यात जास्त असतात आणि सगळ्यात जास्त लागतात. यांच्यासाठी पेटी करणं हेच खरं काम आहे. एका दिवसात होते आणि तीही तुकड्यांतूनच.

तळाला १८ मिमी प्लाय, तीन फूट बाय दोन फूट. दोन फुटांच्या बाजूचे तीन समान भाग पाडा, प्रत्येकी आठ इंच. मागच्या ओळीच्या मागे आणि पुढे २४ इंच उंच पडदे, मधल्या ओळीच्या पुढे १६, पुढच्या ओळीच्या पुढे ९. म्हणजे बाजूने बघितलं तर जिन्यासारखं दिसतं. बाजूच्या दोन भिंती त्याच जिन्याच्या आकारात कापा. प्रत्येक ओळीत दोन आडवे पडदे टाकले की नऊ खण होतात.

मागच्या ओळीत अडीच ते तीन फुटांचे, मधल्या ओळीत दीड ते अडीच, पुढच्यात एक ते दीड फुटाचे तुकडे उभे ठेवायचे. तुकड्याचा वरचा काही भाग नेहमी पडद्याच्या वर दिसला पाहिजे, कारण तोच आपण बघतो. आडव्या तीन खणांत डावीकडे साग, मध्ये बाकी चांगलं लाकूड, उजवीकडे आंबा-निलगिरी. एकदा ठरवलं की बदलू नका. महिनाभरात हात आपोआप योग्य खणात जातो.

खालची जमीन कोब्याची किंवा फरशीची असेल तर तीन इंची चाकं लावा, दोन फिरती आणि दोन सरळ. शेणाने सारवलेली असेल तर चाकांच्या नादी लागू नका. भरलेली पेटी जड होते, चाकं रुततात, सारवण उखडतं. तिथे चार ठोकळे लावा आणि पेटी एका जागी राहू द्या.

पेटी भरली की नवा तुकडा ठेवताना एक जुना काढायचा. दुसरी पेटी करायची नाही. मी केली होती. वर्षभरात दोन्ही पेट्यांच्या भोवती पुन्हा ढीग झाला.

६. रिपा आणि बारके तुकडे

दोन बोटं रुंदीच्या रिपा, गोल काठ्या, कडेच्या पट्ट्या पेटीत आडव्यातिडव्या पडतात आणि बाकी तुकड्यांत गुंततात. त्यांच्यासाठी विहिरीच्या लाइनचा फुटका चार इंची पीव्हीसी पाइप वापरा. गावात कोणाच्या ना कोणाच्या धुऱ्यावर पडलेला असतोच. करवतीने दीड फुटांचे सहा आणि फुटाचे तीन तुकडे करा, उभे करून तीन-तीनच्या ओळीत बांधा, लहान तीन पुढे, आणि खाली प्लायची पट्टी स्क्रूने पक्की करा. तळ उघडा ठेवू नका. आत भुसा साचतो आणि त्या भुशात काय राहतं ते पुढे सांगतो.

फुटाच्या आतले तुकडे भाजीच्या प्लास्टिकच्या कॅरेटमध्ये. दोनच कॅरेट: एक साग-शिसम-बिजाचं, एक बाभळीचं. कॅरेटला जाळी असते, हवा लागते, ओल साचत नाही, आणि उचलून अंगणात ओतता येतं. गोणपाटात किंवा पत्र्याच्या डब्यात ठेवू नका. डब्यातले तुकडे श्रावणात बुरशीने पांढरे होतात.

तिसरं कॅरेट रंध्याच्या बाकाखाली ठेवा. ते चुलीचं. कापताना जे मापात बसत नाही ते थेट त्यात. आमच्याकडे बाजाराच्या दिवशी ते आई घेऊन जाते, भरलेलं असो की अर्धं. हे कॅरेट आल्यापासून तिने आरामशीनचं नाव काढलेलं नाही.

७. नाव लिहा

वाळलेला, धूळ बसलेला तुकडा कशाचा आहे हे सहा महिन्यांनी ओळखू येत नाही. प्रत्येक तुकड्याच्या टोकावर, जे वर दिसतं तिथे, जाड पेन्सिलीने लिहा: लाकडाचं नाव, आणि ओलं आणलं असेल तर महिना-वर्ष. मी आणलेल्या ओल्या बाभळीला जाडीच्या दर इंचाला एक वर्ष देतो. तारीख नसेल तर अंदाजच राहतो. फळीच्या सपाट बाजूवर मार्करने लिहू नका, शाई आत मुरते आणि रंधून जात नाही.

नाव लिहायचं राहून गेलं तर टोकाचा पातळ काप काढा आणि वास घ्या. सागाला तेलकट, चामड्यासारखा वास येतो. हलदू पिवळट असतं आणि त्याचे रेषे बारीक. बिजाचा भुसा पाण्यात टाकला की पाण्याला रंग सुटतो.

८. मे आणि जुलै

आपल्याकडच्या लाकडाचे दोन शत्रू म्हणजे नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) आणि झड (दिवसेंदिवस न थांबणारा पाऊस). टिनाच्या छपराखाली मे महिन्यात वरची खुंटी म्हणजे भट्टीच. रुंद आणि पातळ फळ्या तिथे ठेवल्या तर टोकांना तडे जातात. वरच्या खुंट्यांवर जाड, अरुंद, आधीच वाळलेलं लाकूड ठेवा. रुंद फळ्या कमरेच्या उंचीला. नव्याने कापलेल्या टोकांना उरलेला कोणताही रंग किंवा पाणी घातलेलं फेविकॉल लावा. टोकातून ओल सगळ्यात वेगाने निघते, म्हणून तडा तिथूनच सुरू होतो.

पावसाळ्यात हेच लाकूड फुगतं. फूटभर रुंदीची एक फळी मी मे आणि ऑगस्टमध्ये मोजली, तर एका सुताहून (इंचाचा आठवा भाग) थोडा जास्तच फरक होता. म्हणून जुलैत तुकडे जोडून केलेला पाट उन्हाळ्यात सांध्यात उघडला तर फेविकॉलला दोष देऊ नका. ताडपत्री टाकायची तर फक्त वरून, बाजू मोकळ्या सोडून. चारी बाजूंनी गुंडाळलेली थप्पी आतून घामेजते.

९. हात घालण्याआधी

लाकडाच्या थप्पीत विंचू असतो हे गावात कोणाला सांगावं लागत नाही, पण शहरातून परत आलेल्यांना सांगावं लागतं. उंदीर असतील तर त्यांच्यामागे साप येतो. मण्यार तर रात्रीच फिरते. अंधारात तुकडा शोधायचा नाही. तळाचा तुकडा आधी काठीने हलवायचा, मग उचलायचा. नोटा तपासायची जांभळी बत्ती स्वस्तात मिळते. रात्री शेडचा दिवा बंद करून ती थप्पीवर फिरवा. विंचू त्या उजेडात हिरवट-निळा चमकतो. पहिल्यांदा फिरवली तेव्हा पाइपच्या तळाशी मला दोन दिसले, आणि म्हणूनच तळ बंद करायचं वर लिहिलं. साप चावलाच तर झाडफूक करत बसू नका, सरळ सरकारी दवाखान्यात न्या.

एक धोका मात्र कोणी सांगत नाही. आपल्याकडे लाकडाला जवसाचं तेल लावतात. त्या तेलाने भिजलेला फडका चुरगळून भुशात किंवा तुकड्यांच्या कॅरेटमध्ये टाकला तर तो आपोआप गरम होऊन पेट घेऊ शकतो; काडी लागत नाही, विडी लागत नाही. तेल हवेशी मिसळून वाळताना उष्णता सोडतं आणि चुरगळलेल्या फडक्यात ती अडकून राहते. फडका बाहेर दोरीवर पसरून कडक वाळवा, नाहीतर पाणी भरलेल्या डब्यात बुडवून ठेवा. भुसा रोज संध्याकाळी शेडबाहेर.

१०. पोळ्याची झाडाझडती

वर्षातून दोनदा सगळं काढायचं. एकदा मृगाच्या आधी, रॅक झाडून, पायांना ऑइल लावून. दुसऱ्यांदा तान्ह्या पोळ्याच्या पंधरा दिवस आधी. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडाचे नंदी घेऊन निघतात, आणि त्यासाठी लहान तुकड्यांइतकी चांगली वस्तू नाही. धडाला चार इंच जाडीचा आठ इंची ठोकळा, पायांना रिपा, चाकांना इंचभर जाडीच्या चकत्या. शिंगं बाभळीची करा, सागाची पडली की तुटतात. सागाला सागाचा तुकडा चिकटवताना आधी थिनरच्या फडक्याने पुसून घ्या, त्याच्या तेलकटपणामुळे फेविकॉल नीट धरत नाही.

मी गल्लीतल्या पोट्ट्यांना बोलावतो आणि सागाचं कॅरेट अंगणात ओततो. ज्याला जे हवं ते त्याने निवडायचं. मागच्या वर्षी एका पोराने नेमका तो शिसमचा ठोकळा उचलला जो मी तीन वर्षं डबीसाठी जपून ठेवला होता. "हा घेऊ का जी?" म्हणाला. मी घे म्हटलं.